एकाच ओळीचा बदल

खोकल्याच्या औषधाची अख्खी टाकी फेकून द्यावी लागली आणि चौकशीच्या अहवालात ठपका आला तो ताईंच्या प्रोग्रामवर. लिस्प या संगणकभाषेतला तो प्रोग्राम त्यांनी अकरा वर्षे सांभाळला होता. तो यापुढे त्यांच्याकडे राहील की नाही, हे दुपारी ठरणार होते.

ताईंनी सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या. टाकीचे वजन सुरुवातीला एकदाच घ्यायचे, ‘वजन’ या नावाखाली जपून ठेवायचे आणि त्याच आकड्यावरून आधी औषध, मग साखरेचा पाक सोडायचा. शब्द जिथल्या तिथे होते. मग पाक जास्त पडलाच कसा?

शेवटी त्यांनी यंत्राला मॅक्रो, म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसराच मजकूर बसवणाऱ्या ओळी, उलगडून दाखवायला सांगितले. पडद्यावर ‘वजन’ कुठेच उरले नाही. त्याच्या प्रत्येक जागी एक आज्ञा उभी होती: काट्याला आत्ता विचार. म्हणजे त्या नावात जपलेला आकडा नव्हताच. औषध पडून टाकी जड झाली आणि पाकाचा हिशेब त्या वाढलेल्या वजनावर झाला.

मॅक्रोची ओळ फाइलच्या माथ्यावर होती. बदल करणारे: मास्तर.

“मास्तर, हे तुम्ही केलंत?”

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मास्तरांनी मान वर केली नाही. “पडद्यावर ताजं वजन दिसत नाही म्हणून लोक डोकं खात होते. तुमच्या एकाही ओळीला हात लावलेला नाही हं, ताई.”

“हात कशाला लावायचा? केसानं गळा कापलात. चौकशीत का नाही बोललात?”

“मला कुणी विचारलं? आणि तपासल्याची सही कोणाची आहे, तेही बघा.”

सही ताईंचीच होती. आईला दवाखान्यातून घरी न्यायची त्या दिवशी घाई होती. ‘एकच ओळ आहे, ताई, वाचायचंय काय त्यात?’ मास्तर म्हणाले होते. एकमेकांच्या कामावर दोघे वर्षानुवर्षे न वाचता सही करत आले होते. ताई त्याला विश्वास म्हणत.

दुपारी साहेबांनी उलगडलेल्या ओळींचे पान पाहिले, सहीही पाहिली. “बदल त्यांचा, पण पास तुम्ही केलात,” ते म्हणाले. “निदान त्यांना ती ओळ ठाऊक तरी आहे.” प्रोग्राम मास्तरांकडे गेला.

संध्याकाळी मास्तर कामाच्या हस्तांतराचा कागद घेऊन आले. “एकच पान आहे, ताई. इथे सही.”

ताईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मास्तर पेन पुढे धरून उभे राहिले.