मेलेल्या शब्दांचा विभाग

आमच्या कचेरीत इंग्रजी शब्दकोश तयार होतो. त्यातल्या मेलेल्या शब्दांचा विभाग तळघरात आहे. तिथे दोघंच बसायचो: विभागप्रमुख, म्हणजे माझा सख्खा मामा, आणि मी. मी गुणवत्तेवर लागलो. म्हणजे मला घेईपर्यंत आईने मामाशी अबोला धरला होता.

मामाला जुने शब्द सोडून काही येत नाही. स्कूटर येत नाही, चहा येत नाही. पण कुणी जेवत असताना, ‘या जेवायला’ म्हणेल या आशेने त्याच्या घासाकडे मुकाट बघत बसणं म्हणजे ‘ग्रोक’, हे येतं. मी डबा उघडला की तो करूनही दाखवायचा. अर्धा डबा त्यातच जायचा.

मग नव्या संचालकबाई आल्या आणि नियम आला. वर्षभरात कुठेही छापून न आलेला शब्द कोशातून बाद. विभागात शब्द संपले की विभाग बंद.

“म्हणजे आपण पण बाद,” मी म्हणालो.

“तोंड आवर. छापून आणू की,” मामा म्हणाला.

आम्ही खोट्या नावांनी इंग्रजी पेपरांना पत्रं लिहायला बसलो. मामा निवृत्त कप्तान झाला, मी त्रस्त गृहिणी. शेजारचा कुत्रा मला ग्रोक करतो, अशी तक्रार मी केली. कुणी छापली नाही. मग ‘फजेल’ घेतला. काम करतोय असं दाखवायचं आणि काडी हलवायची नाही, याला अठराव्या शतकात फजेल म्हणत. गृहिणीने लिहिलं, आमची नगरपालिका वर्षानुवर्षं फजेल करते आहे.

छापून आलं. आठवड्याभरात एका मंत्र्याने तो शब्द विरोधकांवर फेकला, विरोधकांनी परत फेकला. टी-शर्ट निघाले. मामाने स्वतः चहा केला. तो भयंकर होता.

बाईंनी आम्हाला वर बोलावलं.

“अभिनंदन. फजेल आता जिवंत आहे. तो आजपासून चालू शब्दांच्या विभागात.”

“पण बाई, तो आमचा आहे,” मामा म्हणाला.

“तुमच्याकडे मेलेले असतात ना?”

“वापरला नाही तर तुम्ही काढणार. वापरला तर वर नेणार. मग आमच्याकडे राहणार काय?”

“मीही तोच विचार करत होते,” बाई म्हणाल्या.

मामाने त्या दिवसापासून लिहिणं सोडलं. मी नाही सोडलं. बाईंचा निरोप आला होता की असा हात असलेला माणूस वर हवा आहे. गृहिणीने आणखी बरेच शब्द जिवंत केले. उरलेले वर्षअखेरीस बाद झाले. मला वरची नेमणूक मिळाली. मामाला शाल मिळाली.

शेवटच्या दिवशी तो खण रिकामा करत होता. त्याला चार शतकांच्या इंग्रजी शिव्या तोंडपाठ. कृतघ्न भाच्यासाठी त्यातली कुठली बसेल ते मीही मनात काढून ठेवलं होतं. मी वाट बघत उभा राहिलो.

“वर खिडकीजवळची जागा माग,” तो म्हणाला. “ऊन येतं तिथे.”

मी मागितली. मिळाली.