वरच्या फळीवरची बरणी

"काका, ती ओतू नका. काय लिहिलंय बघू," मालकांची मुलगी शिडीखालून म्हणाली.

औषधांचं दुकान विकलं होतं. जुन्या बरण्या नेणारा माणूस संध्याकाळी येणार होता आणि त्याला त्या धुऊन, रिकाम्या हव्या होत्या. एक्केचाळीस वर्षं इथं कंपाउंडर असलेले काका शेवटची बरणी घेऊन उतरले. चिठ्ठीवर मुलीच्या पणजोबांचं अक्षर होतं : मुमिया.

"यातलंच मला तुझ्या वडिलांनी दिलं होतं. पहिल्याच वर्षी या शिडीवरून पडलो, हात मोडला. चिमूटभर, कोमट दुधातून. काय आहे ते विचारायची टाप नव्हती आपली!"

मुलगी इतिहास शिकवायची. शब्दाचं मूळ खणल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिनं फोन काढला.

"फारसीत मोम म्हणजे मेण. त्यावरून मुमिया, डोंगरातून पाझरणारं काळं औषध, डांबरासारखं. इजिप्तमधली कापडात गुंडाळलेली जुनी प्रेतंही तशीच काळी दिसली. लोकांना वाटलं, त्यांना हेच फासलंय. म्हणून त्यांनाही तेच नाव पडलं, त्याचंच पुढं ममी झालं." ती थबकली. "आणि औषध पुरेना, तेव्हा प्रेतंच दळून विकली."

काकांनी पूड कागदावर पसरली. डांबराचा चिकटपणा नावालाही नव्हता. कोरड्या तपकिरी पुडीत नखाएवढा कापडाचा तुकडा निघाला. वीण स्पष्ट दिसत होती.

"म्हणजे काका, तुम्ही..." मुलगी हसायला गेली, पण तिला हसू येईना.

"बाई असेल का गं? का पुरुष?"

"कसं कळणार?"

"काम काय करत असेल?"

"काका, पुरे! मोरीत ओतून मोकळे होऊ."

"मोरीत?" काकांचा आवाज कधी नव्हे तो चढला. या माणसाला एकदा दळून विकलं होतं, आता मोरी दाखवायची, हे त्यांना सहन होईना.

त्यांनी नेहमीसारखी नीट घडीची पुडी बांधली, कापडासकट, आणि मागच्या अंगणात खड्डा करून पुरली. बरणी धुऊन पालथी घातली. मग खणातून पाटी काढली : घरातलं माणूस गेल्यामुळे दुकान बंद. आजवर ती दोनदाच लागली होती, मालकांसाठी आणि मालकीणबाईंसाठी.

"कोण गेलं विचारलं तर?"

"नाव ठाऊक नाही म्हणायचं. पण माझ्या अडचणीला उपयोगी पडलं होतं."

मोडलेला तो हात जरा वाकडाच जुळला होता. त्याच हातानं पाटी खिळ्याला लावताना काकांना टाचा उंचवाव्या लागल्या.