वरचा थर

“काका, वरचं पांढरं पडलं तरी हात लावू नका हं. कितीही घाण दिसू दे. मी येईपर्यंत आहे तसंच राहू द्या.”

परगावी निघताना संशोधक मॅडम जिन्यात थांबून एवढं सांगून गेल्या होत्या आणि तो मान डोलावून ‘बरं’ म्हणाला होता. आता गच्चीवरच्या टाकीपाशी उभं राहून तो तेच शब्द पुन्हा ऐकत होता. परवापर्यंत टाकीत हिरवंगार शेवाळ होतं. आता भिजलेल्या कागदासारखी विटलेली पानं पाण्यात लोंबत होती.

समुद्र संशोधन केंद्रात टाक्या सांभाळणं हे त्याचं काम. खारं पाणी सोडायचं, नळ्यांतला गाळ काढायचा, काचा पुसायच्या. त्याच्या टाक्या लखलखीत असतात, अशी त्याची ख्याती होती आणि त्या ख्यातीनंच घात केला. मॅडम नसताना केंद्रात पाहुणे यायचे होते. या टाकीतलं वरचं शेवाळ पांढरं, बुळबुळीत झालेलं. असलं ध्यान पाहुण्यांपुढे कसं ठेवायचं, म्हणून त्यानं परवा सकाळीच वरचा थर अलगद उचलून बादलीत टाकला. खालून हिरवीगार, कोवळी पानं वर आली. पाहुणे ‘वा’ म्हणाले. त्याला बरं वाटलं. मग दिवसभर कडक ऊन पडलं. दुसऱ्या दिवशीही पडलं.

मॅडम वर आल्या त्या थेट टाकीपाशी.

“हे काय झालं, काका?”

“यंदा ऊन फार आहे,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

त्यांनी बाही सरकवून पाण्यात हात घातला, एक पान बोटावर घेतलं. ते बोटावरच विरघळल्यासारखं झालं. “वरचा थर कुठे गेला?”

त्यानं टाकीची काच बाहीनं पुसली. मग म्हणाला, “मी काढला. पाहुणे येणार होते. मेलेलं वाटलं मला.”

त्या ओरडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. पण त्या पालथ्या बादलीवर बसल्या आणि लहान मुलाला समजवावं तसं हळू बोलू लागल्या.

“तांबडी शेवाळं असतात ना, ती अंगातच उन्हाचं मलम तयार करतात. उन्हातला जो जाळणारा भाग असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तो त्या मलमात अडकतो. या हिरव्याजवळ तसलं जवळजवळ काही नाही. हे भाजून घेतं आणि दुरुस्त करतं. रोजचंच. भर दुपारी मोडायचं, ऊन कललं की सांधायचं. सांधायलाही उजेडच लागतो, फक्त मवाळ.”

“आणि वरचं?”

“वरच्याला सांधायला उसंतच मिळत नाही. ते विटत जातं. पण विटलं तरी खालच्यावर सावली धरून असतं. म्हणून तर खालचं हिरवं राहतं, काका. मला नेमकं तेच बघायचं होतं.”

तो टाकीत बघत राहिला.

“असू दे,” त्या उठत म्हणाल्या. “पुन्हा लावू. ताजं शेवाळ लागेल. सध्या मोठी ओहोटी आहे ना? तुमच्या ताईंना सांगता?”

ताईंना. केंद्राला शेवाळ लागलं की ताई, हे इतकं ठरून गेलेलं की त्यात विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाणी उतरलं की ती खडकांवर जायची, ओणवी होऊन भर उन्हात पानं खुडायची आणि केंद्राच्या मागच्या दारी आणून द्यायची. त्या दारातच एकदा जुन्या साहेबांनी तिला टाक्यांवरची नोकरी देऊ केली होती. पक्की नोकरी, छपराखाली. ती म्हणाली होती, “मला नाही चार भिंतींत करमायचं. माझा धाकटा भाऊ आहे, त्याला घ्या.” साहेबांनी घेतलं. तो हसत हसत रुजू झाला.

संध्याकाळी तो तिच्या खोलीवर गेला. ती खिडकीशी बसून ओली चप्पल पुसत होती. नाकाच्या डाव्या बाजूला नेहमीची चिकटपट्टी.

“आलास? बस, चहा टाकते.”

“पट्टी काढ, ताई.”

“का रे? स्थळ आणलंयस की काय माझ्यासाठी?”

“काढ म्हणतो ना.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि सावकाश पट्टी सोडवली. पहिल्यांदा तो डाग त्यानं पाहिला तेव्हा मसुरीएवढा होता, खरखरीत. तेव्हा तोच म्हणाला होता, डॉक्टरला दाखवू, मी नेतो तुला. ती म्हणाली, एवढी ओहोटी होऊ दे. पुढे पंपाचं काम निघालं, मग टाक्या बदलल्या, मग अजून काही. दर वेळी तो ‘नेतो’ म्हणायचा, दर वेळी ती ‘नंतर’ म्हणायची, आणि तिनं ‘नंतर’ म्हटलं की त्याला आतून सुटल्यासारखं व्हायचं. ते सुटणं त्याला आज आठवलं. जखमेच्या कडा वर वळल्या होत्या, मधलं मांस ओलं होतं आणि नाकपुडी एका बाजूला ओढली गेली होती. पट्टीच्या आत हे सगळं चाललं होतं आणि तो समोर बसून चहा पीत आला होता.

“उद्या सकाळी जायचं,” तो म्हणाला.

“उद्या? डोकं फिरलंय का तुझं? या दिवसांत पाणी किती लांब जातं, ठाऊक आहे ना? नंतर जाऊ.”

“नाही. उद्याच.”

“आणि शेवाळ? मॅडमना लागत असणार, नाहीतर तू असा अवेळी येतोस कशाला? केंद्राला कधी नाही म्हटलेलं नाही मी.”

“शेवाळ मी आणीन.”

ताई इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. “तू? खडकावर? अरे छोट्या, फरशी ओली असली तरी भिंत धरून चालणारा माणूस तू.”

“आणीन म्हटलं ना. देवाशपथ.”

“देवाला मध्ये घालू नकोस,” ती एकदम हळू बोलली. “त्याला पुष्कळ कामं आहेत. नुसतं सांग.”

“आणीन.”

“मग येते.”

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. दिवा जवळ ओढून त्यांनी बराच वेळ जखम पाहिली. “हे कधीपासून आहे?”

ताईनं तोंड उघडायच्या आत तोच म्हणून गेला, “झाले असतील दोन-तीन महिने.”

ताईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, “हो. तेवढेच.”

तिनं ते इतक्या सहज म्हटलं, जसं काही ती त्याची पडलेली टोपी उचलून देत होती. डॉक्टर लिहायला लागले. तिचे हात मांडीवर होते, पंजांच्या पाठीवर काळपट डाग पडलेले, जुन्या चामड्यासारखे. त्याला तिथे बसवेना.

“नाही, डॉक्टर,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली. मला माहीत होतं.”

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी लिहिलेलं खोडलं. ताईला विचारलं, “उन्हात काम असतं का, मावशी?”

“उन्हातच वाढले मी. हा सावलीतला.” ती थट्टेनं म्हणाली. एरवी या थट्टेवर तोही हसायचा.

“बहुधा कातडीचा कर्करोग आहे,” डॉक्टर म्हणाले. “वर्षानुवर्षं ऊन लागून होतो. जिवावर बेतेल असं दिसत नाही, पण आत पसरलाय. आज दाखल व्हा. तुकडा काढून तपासू, मग शस्त्रक्रिया. वेळेवर आला असतात तर थोडक्यात भागलं असतं. आता नाकाची ही बाजू वाचणं कठीण आहे.”

“राहिली बाजू पुरेल मला,” ताई म्हणाली.

तिला आतल्या बाजूची खाट मिळाली. पंखा होता, पडदा होता, ऊन कुठूनच येत नव्हतं. पांढऱ्या चादरीवर ती पाहुण्यासारखी काठावर बसली. तो स्टुलावर बसला.

“ताई, केंद्रातली नोकरी आधी तुला देत होते.”

“हं.”

“तू म्हणालीस, चार भिंतींत करमत नाही.”

“म्हटलं असेन.”

“खरं होतं ते?”

ती चादरीची सुरकुती तळहातानं सपाट करत राहिली. “सावली नको म्हणणारं माणूस पाहिलंयस का रे कुठे?”

त्यानं स्टूल खाटेजवळ ओढलं.

“तुझी छाती तेव्हा कशी होती, आठव. जिना चढलास तरी धाप लागायची. खडकावर एक उन्हाळा निघाला नसता तुझा. माझा निघाला. झालं.”

“मला कळायला हवं होतं.”

“कळलं असतं तर घेतली असतीस का नोकरी? नसतीस. मग काय, दोघंही उन्हात.” हे ती हिशेब जुळल्याच्या समाधानानं म्हणाली. मग उशाची पिशवी ओढून आतल्या कपड्यांच्या घडीखालून तिनं आपली शेवाळाची जाळी काढली. सकाळी त्याच्या नकळत तिनं ती बरोबर घेतली होती. “उठ आता. पाणी उतरायला लागलं असेल. उभ्या खडकाच्या मागे जा, तिथलं पान रुंद असतं. मुळासकट ओढायचं नाही. बुडखा ठेवायचा, म्हणजे पुन्हा फुटतं. कसं खुडणार, सांग.”

“बुडखा ठेवून.”

“आणि बूट?”

“काढून ठेवतो.”

“काढू नकोस, शहाण्या. शिंपल्या कापतात.”

माफ कर, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ताईनं तेवढ्यात पाय वर घेतले, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. आता काही ऐकायचं नाही असं तिला म्हणायचं असावं, किंवा खरंच झोप आली असावी. त्यानं तिच्या अंगावर चादर ओढली.

बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसून त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पोटऱ्या कोवळ्या, गोऱ्या, ऊन न पाहिलेल्या निघाल्या. त्याची त्यालाच लाज वाटली.

“काका, भलतं ऊन आहे,” दारातली नर्स म्हणाली. “जरा कललं की निघा.”

“तोवर पाणी भरेल,” तो म्हणाला आणि जाळी खांद्यावर टाकून पायऱ्या उतरू लागला.