डावीकडचं दार

"तो पंखा लावा पहिले. माले काय शिजाडी मारतस का?"

हेमराजआबांनी पंख्याच्या बटनाकडे पाहिलं, मग तळहातावरच्या ड्रोनकडे. वैशाखातली दुपार होती. भडगावात अशा वेळी गिरणेवरून येणारा वारासुद्धा अंग भाजून काढतो. पण चार पात्यांचं ते खेळणं इतकं हलकं, की पंखा चालू असला की भिंतीवरच जाऊन आपटायचं.

"एकच फेरी. मंग लावस."

"तुमनी एकच फेरी माले माहीत शे."

आबांनी खिडकीजवळच्या स्टुलावर ड्रोन ठेवला आणि रिमोटची काडी हलक्या हातानं वर ढकलली. गुणगुणत तो उठला. पलंगावर उशांना टेकून बसलेल्या शेवंताबाईंच्या उजव्या हाताला खिडकी. तिथून तो निघाला, देवाच्या तसबिरीसमोरून गेला, ट्यूबलाइटच्या खाली आला. शेवंताबाईंची नजर त्याच्याबरोबर सरकत होती.

"देख, भुंगा चालना."

आता त्यानं पुढे, डावीकडे जायचं होतं. कपाटासमोरून दारापर्यंत. पण नेमकं तिथेच त्याचा आवाज चिरका झाला, एक कोपरा खाली झुकला. आबांनी काडी पूर्ण वर लोटली तरी उपयोग झाला नाही. लंगडत लंगडत तो पलंगाच्या कडेला आदळला आणि गप्प झाला.

"पडना का?"

"पडना."

"तुमनासारखाच शे. जरासा उठस, न लगेच बठी जास."

आबा हसले. बायकोच्या टोमण्यांना हसण्याची सवय जुनी होती. आजारपणानं शेवंताबाईंची जीभ तेवढी शाबूत ठेवली, बाकी अर्धं जग नेलं. मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि त्या वाचल्या. पण डावी बाजू त्यांच्या लेखी उरलीच नाही. डोळे चांगले होते. डावीकडे बघायचं असतं, एवढंच मन विसरलं होतं. ताट वाढलं की त्या उजवी बाजू तेवढी संपवत आणि विचारत, "भाजी कशी नही वाढी?" आबा ताट फिरवून ठेवत. "आते उनी," त्या म्हणत आणि जेवण पुढे चालू होई.

आठवड्यातून दोनदा पाचोऱ्याहून अखिल जैन यायचा. कापडदुकानदाराचा मुलगा, पण कापड सोडून फिजिओथेरपी शिकलेला. त्यानंच पलंग फिरवून दार डावीकडे आणलं होतं, म्हणजे येणाऱ्याकडे बघायला त्यांना त्या बाजूला वळावं लागेल. एकदा त्यानं शेवंताबाईंचा डावा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"मावशी, हा हात कोणाचा?"

"तुना व्हई."

"माझे दोन तर हे इथे आहेत."

"मंग कामिनीना व्हई. ती कोठेबी काहीबी इसरी जास."

लेकीवर हात ढकललेला पाहून अखिलला हसू आवरेना. जाताना मात्र तो ओट्यावर आबांशी गंभीरपणे बोलला. डावीकडे बघायला लागल्या तरच हाताचा व्यायाम उपयोगाचा, नाहीतर आपण परक्याचा हात हलवत बसलोय असं होतं. काहीतरी हवं, ज्याच्या मागे त्यांची नजर आपोआप जाईल.

ते काहीतरी नातवामुळे सापडलं होतं. कामिनीचा तेजस धुळ्याहून आजीला भेटायला आला तेव्हा त्यानं घरात हा ड्रोन उडवला आणि शेवंताबाईंनी मान वळवून तो थेट दारापर्यंत पाहिला. फक्त एकदाच. तेजस गेला, ड्रोन आजीसाठी ठेवून गेला, आणि तेव्हापासून तो ट्यूबलाइटच्या पुढे काही जाईना.

इकडे कामिनीनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "आबा, शनिवारी येते. काही फरक नसेल तर आईला घेऊन जाते. इथे एका केंद्रात अशा पेशंटला ठेवून घेतात. तुमच्यानं एकट्यानं होत नाही."

"घरना माणसं राहतस का तठे?"

"भेटायला जाता येतं. आणि तिचे केस कापून टाकू. तिथे एवढे लांब केस कोण विंचरणार?"

आबांनी फोन ठेवला. त्यांचंही मत तिच्याच बाजूला झुकत होतं. सबंध नोकरी त्यांनी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात घालवली. कोणाशी वाद घातला नाही, हाताला ग्रीस लागलं नाही. ज्याला साधं खेळणं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेता येत नाही, त्यानं आजारी माणूस सांभाळतो म्हणू नये. केस विंचरायचं कामही त्यांच्याकडेच आलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी बायकोच्या केसांना हात लावायची ही पहिलीच वेळ. रोज सकाळी ते दार ओढून घेत, फणी फिरवत, कशीबशी वेणी घालत, फणीतले केस झटकून टाकत आणि मग दार उघडत.

ड्रोनसोबतचा बारीक अक्षरांचा कागद त्यांनी भिंगाखाली धरून वाचला. बॅटरी पूर्ण भरा. भरली. बॅटरीच्या पिनची जोडणी घट्ट करा. केली. दुसरी बॅटरी घालून पाहा. पाहिली, फेरी चार बोटं लांबली, एवढंच. शेवटी तेजसला फोन लावला.

"आबा, पाती काढून बसवली होती का? उलटसुलट बसली असतील. ए जिथे ए, बी जिथे बी."

"काढनूच नही रे बाप्पा. तोडी टाकसू अशी भीती वाटस."

"मग एकेक पातं बोटानं फिरवून बघा. सगळी सारखी फिरतात का?"

हे मात्र त्यांनी पुढे ढकललं. मोडलं तर शनिवारपर्यंत उरलेली आशाही जायची.

शनिवारी कामिनी आली ती घामानं डबडबून. अखिलच्या सूचनेप्रमाणे ती डावीकडे, दारापाशीच खुर्ची टाकून बसली.

"आई, कशी आहेस?"

"बरी शे." शेवंताबाई खिडकीशी बोलल्या. "कोठे शे वं तू? आवाज येस नुसता."

"इकडे आहे. या बाजूला."

"तेच ते. या बाजूला, या बाजूला." शेवंताबाईंनी खिडकीचा पडदा नीट न्याहाळला आणि सोडून दिलं.

कामिनीनं आबांकडे पाहिलं. मग पर्स उघडून कात्री काढली आणि मांडीवर ठेवली. "रिक्षावाल्याला चार वाजता बोलावलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याआधी केस उरकून घेऊ."

"एक फेरी," आबा म्हणाले. "एकच."

पंखा बंद झाला. स्टुलावरून ड्रोन उठला, तसबिरीसमोरून गेला, ट्यूबलाइटखाली चिरकला आणि पलंगावर, शेवंताबाईंच्या पायांशी पडला. आबा तिथेच पलंगाच्या कडेवर टेकले. आता मोडायची भीती बाळगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी एकेक पातं बोटानं टिचकावलं. पहिलं गरगरलं. दुसरं, तिसरंही. चौथं अर्धा वळसा घेऊन थांबलं.

ते पातं त्यांनी नखानं उचकटलं. खाली, मोटरच्या दांडीला काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. कामिनीकडून चिमटा मागून घेऊन त्यांनी टोक पकडलं आणि ओढलं. केस. एक, त्यात अडकलेला दुसरा, मग आणखी. मुळाकडे बोटभर पांढरे, पुढे मेंदीचे तांबूस. आजारी पडल्यापासून मेंदी लागलीच नव्हती.

"बघा," कामिनी म्हणाली. "म्हणूनच म्हणते कापून टाकू. घरभर केस झालेत. झाडू तरी नीट फिरवता का तुम्ही?"

ती म्हणत होती ते खरंच होतं. फणीतले झटकलेले केस पंख्यानं कोपऱ्याकोपऱ्यात, पलंगाच्या कडेकडेनं गेले होते आणि रोज ड्रोन त्यांतच पडत होता.

"काय वेची राहिनात?" शेवंताबाईंनी विचारलं.

"केस. तुना शेत."

"फेकतस का?"

"मंग काय करू?"

"अरे देवा! केस कोनी फेकस का? दारमांगे खिळाले पिशवी शे, तिन्हामा ठेवतस. केसवाली बाई येस, ती भांडं देस." त्या भडकल्या होत्या. "तुम्ही रोज दूध पेतस ती वाटी कोठून उनी? मना केसन्या वाट्या शेत त्या. पुस्तकमा नही लिखेल का?"

आबांना वाट्या आठवल्या. लहान, काठाला रेघ असलेल्या स्टीलच्या वाट्या. दर काही महिन्यांनी फडताळात एखादी वाढायची. ती कुठून आली, हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"द्या इकडे."

आबांनी केस त्यांच्या उजव्या हातात दिले. शेवंताबाई अंगठ्यानं ते त्याच हाताच्या बोटाभोवती वळू लागल्या. जमेना. केस निसटून चादरीवर पडले. त्यांनी उचलले, पुन्हा वळले, पुन्हा निसटले. वेळेवर मदतीला न येणाऱ्या सुनेवर चिडावं तशा त्या पुटपुटल्या. त्यांची नजर चादरीवरून काहीतरी शोधत सरकली. मांडीवरून पुढे, डावीकडे. तिथे एक हात पडला होता.

त्यांनी तो मनगटाला धरून ओढला, मांडीवर आणला, त्याचं पहिलं बोट सरळ केलं आणि त्या बोटाभोवती केस गुंडाळायला लागल्या. एक वेढा, दुसरा, वेढ्यावर वेढा. सरावाचं काम होतं.

गुंतवळ बोटावरून उतरली. लहानशी, सुपारीएवढी. ती डाव्या तळहातावर ठेवून शेवंताबाईंनी पिशवीचा खिळा बघायला मान वर केली. नजर हातावरून कपाटाकडे गेली, कपाटावरून दाराकडे. मध्ये खुर्ची होती.

"कामिनी!" त्या म्हणाल्या. "किती वाळी गई वं तू!"

कामिनीनं कात्री पर्समध्ये टाकली. पर्सची चेन बराच वेळ लागेना.

"रिक्षावाल्याला येऊ नको म्हणून फोन करते," ती म्हणाली. "आणि चहा ठेवते."

"मनाबी ठेव. आनि तो पंखा लावा कोनीतरी, जीव चालना मना."

आबांनी उठून पंखा लावला. पाती हळूहळू फिरू लागली, खोलीत वारा आला. गुंतवळ उडून जाऊ नये म्हणून शेवंताबाईंनी उजवा हात डाव्यावर झाकून धरला.