लाला म्हणजे झोप

सुभेदार लालासाहेब नातीच्या बारशाला आले खरे, पण आल्यापासून विश्रामबागच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसले होते. केनियाचा जावई काही त्यांच्या पचनी पडला नव्हता. शिकायला सांगलीत आलेला बराका इथंच नोकरीला लागला, लालासाहेबांच्या अंकितानं त्याच्याशी लग्न केलं, आणि तीन वर्षं तिच्या आबांनी त्याच्याशी चकार शब्द काढला नाही. गावानं मात्र बराकाचं 'बारका' करून त्या सहाफुटी माणसाला कधीच आपलंसं केलं होतं.

अंकिताला एकच घोर होता. आज तरी आबा पोरीकडं बघतील का? केस बापासारखे घट्ट कुरळे, पण नाक थेट आबांचं. एकदा नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं.

बायकांनी पाळणा म्हणायला घेतला आणि पोरीनं भोकाड पसरलं. खुळखुळा झाला, पदराचा वारा झाला, काही चालेना. शेवटी बराका वाकला आणि आपल्या भारदस्त आवाजात हळूच गाऊ लागला, "लाला... लाला..."

गॅलरीतली खुर्ची करकरली. आबा दारात उभे.

"सासऱ्याचं नाव एकेरी घेतोय व्हय रं? आन् तेबी गाऊन?"

अंकिताच्या आईनं, अंबूबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला.

"आवं आबा," अंकिता घाईनं म्हणाली, "त्यांच्या भाषेत लाला म्हंजी झोप. त्यांची आई त्यांना असंच निजवायची."

आबांचा राग तिथंच विरघळला. "माजी आईबी मला लालाच म्हणायची," ते पुटपुटले. "ती गेल्यापास्नं कुणी म्हणलं न्हाई."

पोरगी पुन्हा किंचाळली. आबांनी पाळण्याची दोरीच हातात घेतली. "थांबलास का रं? म्हण की!"

बायकांची ओळ संपली की 'जो जो', त्याला लागून बराकाचं 'लाला', झोका एकच. अंकिताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हा शब्द लेकाला देणाऱ्या सातासमुद्रापारच्या सासूचे तिनं मनोमन पाय धरले.

पोरगी झोपली. आबा किती वेळ तिचं नाक बघत राहिले.

बराकानं आजवर सासऱ्याला कशानंच हाक मारली नव्हती, धीरच झाला नव्हता. "आबा..." तो चाचरत म्हणाला.

"लाला म्हण," म्हातारा कुजबुजला. "पर हळू. पोरगी उठंल."