कोरे अंगठे

लॉन्ड्रीतल्या बायका तिला वकीलबाई म्हणत, निम्मं कौतुकानं आणि निम्मं चेष्टेनं. ती कुठली वकील! नऊ वर्षं सोड्याच्या हौदात दवाखान्याच्या चादरी घासता घासता लिहायला शिकली, आणि शिकली ती गप्प बसणंच विसरून गेली. इस्त्रीवाल्या पुरुषांना आठवड्याची सुट्टी आणि हौदावरच्या बायकांना नाही, हे असं का, हे तिच्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. तिनं विचारलं आणि काम जाऊन घरी बसली. वर्षभरानं तिनं अर्ज लिहिला. घरोघरी जाऊन चाळीस जणींचे अंगठे घेतले. नावं फक्त कामगार अधिकाऱ्याला दिसतील, मुकादमाला मुळीच कळणार नाहीत, असा प्रत्येकीला शब्द दिला.

आईनं मात्र अंगठा दिला नाही.

"सव्वीस वर्षं हौदावर काढली मी. तू गेलीस, आता मीही जाऊ? मग चूल काय तुझ्या अर्जावर पेटवायची?"

त्यावरून मायलेकींचा आठवडाभर अबोला होता.

आणि आज अधिकारी तो अर्ज खिडकीच्या उजेडात धरून बसले होते. शेजारच्या खुर्चीत मुकादम ऐसपैस टेकलेला.

"बाई, एकाही ठशात रेघ नाही. नुसते डाग. एकीनंच बसून चाळीस वेळा बोट टेकवलंय हे."

"साहेब, सोड्यानं झिजतात रेघा. हौदावर सगळ्यांचंच असं होतं."

"तुम्हीही हौदावरच्याच ना? दाखवा अंगठा."

तिनं दाखवला. वर्षभर कोरड्या राहिलेल्या त्या बोटावर रेघा लख्ख उगवल्या होत्या. मुकादम खुदकन हसला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक वाजेपर्यंत बायका हजर करा, यांच्यासमोर. नाहीतर खोटा अर्ज म्हणून फाडून टाकतो. परत या दारात यायचं नाही."

ती बाहेर आली. एकीला जरी आणलं तरी तिचं काम गेलंच म्हणून समजा. चाळीस जणींना तिनं शब्द दिला होता. आईला तिनं कसलाच शब्द दिला नव्हता. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःची किळस आली. तरी पाय लॉन्ड्रीकडेच वळले.

आई फाटकाशी आली, कोपरापर्यंत ओली. लेकीनं कसंबसं सगळं सांगितलं; शेवटचं वाक्य काही तोंडातून निघेना.

"अंगठा हवाय ना माझा?" आई म्हणाली. "मग तोंड का शिवलंय? एरवी तर थांबत नाहीस."

पदराला हात पुसत ती तशीच निघाली.

कचेरीत शिरताच लेक म्हणाली, "हिचं नाव अर्जात नाही, साहेब. पण ही हौदावरची आहे, मुकादमांनाच विचारा."

विचारायची गरजच नव्हती, मुकादमाचं हसू मावळलं होतं. अधिकाऱ्यांनी आईचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. डाग उठला. पुन्हा दाबला, पुन्हा डागच. त्यांनी आईचा हात उलटसुलट करून पाहिला, मग अर्जावर शिक्का मारला.

दाराशी मुकादम अगदी गोड आवाजात म्हणाला, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

दोन महिन्यांनी सुट्टी मंजूर झाली. पहिल्याच सुट्टीला घर बायकांनी भरून गेलं; सगळ्या वकीलबाईच्या गळ्यात पडल्या, हसल्या, रडल्या. आई कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसली होती. त्या हातांचं काय करायचं ते तिला कळेनासं झालं होतं. कोणी काही बोललं की म्हणायची, "तुम्हाला आठवड्याची सुट्टी, मला रोजची."

बायका गेल्यावर तिनं लेकीला जवळ बोलावलं आणि अंगठा पुढे केला.

"बघ गं. रेघा आल्या."

खरंच आल्या होत्या, बारीक, नव्या.

"आता त्या साहेबाकडे नेलंस ना, तर म्हणेल, ही बाई हौदावरची नाहीच."

लेकीनं तो अंगठा मुठीत घट्ट धरला.