अनुभवाच्या आड आलेला नळ

अंगणातल्या तंबूत उतरलेल्या पाहुण्यानं अभिप्रायाच्या वहीत लिहिलं होतं, 'मुळांकडे परत जायला आलो, पण घरामागे नळ दिसला. अनुभव भंगला.' ते वाचून नवऱ्यानं ठरवलं, नळ काढायचा.

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं तिनं विहिरीचं पाणी ओढलं होतं. उजवा खांदा कामातून गेला, तेव्हा कुठे मागच्या वर्षी दारी नळ आला. आणि आता कुणा हौशी माणसाचा अनुभव भंगतो म्हणून तिनं पुन्हा बादल्या ओढायच्या.

"अगं, लोकांना जुनं आयुष्य हवंय," नवरा म्हणाला. "सकाळीच काढून टाकतो."

"मग घेऊन जा म्हणावं. माझं पडलंय हवं तेवढं."

पाहुणा म्हणजे बडं प्रस्थ. तिनं त्याला मनातल्या मनात 'ऋषी' नाव ठेवलं होतं. शहरात हा खुर्च्यांच्या दुकानात मॅनेजर. इथं बायकोमुलांसह आल्यापासून अनवाणी चालायचा आणि दर दहा पावलांवर काटा काढायला आपल्या बायकोला हाक मारायचा. मुलांचे मोबाइल त्यानं डब्यात घालून कुलूप लावलं होतं. स्वतःचा मात्र खिशात होता, वेळ बघायला लागतो म्हणून. संध्याकाळी त्यानं जाहीर केलं, की उद्या पहाटे विहिरीतून आठ बादल्या पाणी तो एकटा ओढणार.

त्या वेळी ती स्वयंपाकघरात विहिरीचा दोर सांधत बसली होती. एक पदर झिजला होता, म्हणून दिवस मावळायच्या आतच तिनं तो रहाटावरून उतरवून आणला होता.

पहाटे मागच्या दारी पाणी वाजलं. खिडकीतून बघते तर ऋषी नळाखाली शेवटची बादली भरतोय. बादली भरली तसं त्यानं ओंजळभर पाणी कपाळावर मारलं, थोडं शर्टाच्या पाठीवर. घाम म्हणून. असल्या माणसाच्या शब्दावर आपला नळ जाणार, याची तिला किळस आली.

चहाच्या वेळी ऋषी मुलांना सांगत होता, "आठ बादल्या, एका दमात. मन कसं धुऊन निघतं. नळाच्या पाण्याला ही चव नाही." मुलं मुकाट्यानं पाणी पीत होती. नवरा मान डोलावत, हातात पाना घेऊन मागं निघालाच होता.

"अहो, थांबा जरा." तिनं दोर आणून पाहुण्याच्या पुढ्यात टाकला. "दादा, हा कालपासून माझ्या घरात आहे. दोराशिवाय पाणी कसं ओढलंत, तेवढं मला शिकवून जा. नळ गेल्यावर उपयोगी पडेल."

धाकट्या मुलीनं दोर चाचपून पाहिला. "बाबा, हा तर कोरडाच आहे."

ऋषीनं चहाच्या कपात तोंड घातलं. त्याची बायको मात्र हसत सुटली, ती पदर तोंडाशी नेऊनही थांबेना.

नवऱ्यानं दोराकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं. बायकोच्या खांद्याकडे बघायचं त्यानं टाळलं, हे तिला कळलं.

"काढा की नळ," ती म्हणाली. "उद्यापासून पाणी तुम्ही ओढायचं, एवढंच."

नवरा मागं जाऊन नळापाशी बसला. ऋषीनं घाईत तो नीट बंद केला नव्हता, ठिबकत होता. नवऱ्यानं पाना लावला आणि नळ घट्ट आवळला.